जुन्या मंडळींनी यावे, पण यंदाचे सोंग घेऊन

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुने विनोदी कार्यक्रम परत आणण्याचा वाहिन्यांचा उत्साह सध्या दांडगा आहे. २०१४ मध्ये सुरू झालेला ‘चला हवा येऊ द्या’ २०२४ मध्ये थांबला आणि २०२५ मध्ये नव्या सूत्रसंचालकासह परतला. अशा वेळी मंडळींनी जुनी टाळीची प्रहसने पुन्हा करून दाखवायची, की तेव्हाची टीका आज कुठवर लागू पडते ते तपासायचे, याचा विचार होताना दिसत नाही.

ब्रिटनमध्ये या दोन्ही तऱ्हा एकाच वर्षी पाहायला मिळाल्या. जुलै २०१४ मध्ये ‘माँटी पायथन’ या विनोदी चमूचे तेव्हा हयात असलेले पाच जण लंडनच्या ओ-टू सभागृहात एकत्र आले आणि १९६९ पासून बीबीसीवर गाजलेली प्रहसनेच त्यांनी मुख्यतः सादर केली. तिकिटांवर उड्या पडल्या, पण तो एकूण वन्समोअरचाच मामला होता. ‘गुडनेस ग्रेशस मी’ या ब्रिटिश-भारतीय कलाकारांच्या विनोदी मालिकेची मंडळी, म्हणजे संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि नीना वाडिया, त्याच वर्षी बीबीसी टूच्या पन्नाशीनिमित्त परतली ती नवी प्रहसने घेऊन. त्यांच्या एका जुन्या प्रहसनात मुंबईतले झिंगलेले टोळके रात्री ‘इंग्लिश’ खायला जाते, वेटरच्या नावाचे मातेरे करते आणि सर्वांत अळणी पदार्थ कोणता ते विचारते. तिकडच्या भारतीय हॉटेलांत गोरी गिऱ्हाइके जसे वागत, त्याचेच हे उलटे चित्र होते. रोख असा स्पष्ट असला, की काळ बदलल्यावर तो कुठे वळवायचा हेही सुचते.

आमच्याकडच्या सोंगी भजनवाल्यांना हे शिकवावे लागत नाही. अभंग तोच, गवळण तीच, पण सोंग यंदाचे. मागच्या जत्रेत उसाच्या बिलाची तारीख सांगताना अडखळलेला चेअरमन यंदा मतांसाठी हात जोडत येतो, आणि पुढच्या रांगेतल्या खऱ्या पुढाऱ्यालाही नाइलाजाने हसावे लागते.

‘हवा येऊ द्या’जवळ असे भांडवल नक्की आहे. सागर कारंडे यांचा पोस्टमन वाचत असे ती अरविंद जगताप यांची पत्रे हसत्या प्रेक्षकाला एकदम गप्प करत. त्याच पोस्टमनने त्या पत्रांची आजची उत्तरे आणावीत, किंवा उत्तर आलेच नाही, हे तरी सांगावे. साडी नेसलेल्या पुरुषाच्या चालीवर आणि कुणाच्या रंगावर, वजनावर बेतलेले विनोद मात्र पुन्हा बाहेर काढू नयेत. ते पहिल्या वेळीही फारसे हसवत नव्हते, असे माझे मत आहे.

दूरदर्शननेही ‘गजरा’ या आपल्या जुन्या विनोदी कार्यक्रमाचे जे भाग शिल्लक असतील ते न कापता दाखवावेत आणि त्यांतल्या कलाकारांना सोबत बोलते करावे. एखादे वाक्य तेव्हा गाळावे लागले असेल, तर ते का गाळले, हे त्यांच्याच तोंडून ऐकण्याची आमची इच्छा आहे.

आपला,
एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर