नेपच्यूनची जवारी

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, रात्र बरीच झाली आहे

प्रिय दोस्ता,

चाचा गेले तेव्हा मी फोन केला नाही. मेसेज टाकला, तोही दुसऱ्या दिवशी. त्याला आता दीड वर्ष होईल. तू एका शब्दाने काही म्हणाला नाहीस, आणि तू काही म्हणत नाहीस तेव्हा तुला किती लागलेलं असतं हे मला आठवीपासून माहीत आहे. त्याबद्दल पुढे लिहितो. लिहायचंच आहे. पण आज बसलो ते दुसऱ्याच कारणाने. संध्याकाळी बायकोला सांगून बघितलं. तिने मन लावून ऐकलं, "छान" म्हणाली आणि कुकर लावायला गेली. तेव्हा म्हटलं, हे मिरजेलाच कळवायला हवं.

आज दुपारी साडेतीनला मी एका इलेक्ट्रिक गिटारच्या, तारा पेलणाऱ्या घोडीवर, तिसऱ्या तारेखाली, सुती दोरा सरकवला. तानपुऱ्याला जीव घालतो तसा. थोडा पुढे, थोडा मागे, परत पुढे. आणि एका जागी तार उघडली, मर्दा! इतका वेळ ठक्क ठक्क करणारी तार एकदम झंकारली आणि मला तुमच्या सतारीच्या दुकानाच्या मागच्या खोलीचा वास आला. लाखेचा आणि तासलेल्या शिंगाचा. मी खुर्चीतून उठलो आणि उगाच अंगणात जाऊन आलो.

आता सुरुवातीपासून सांगतो.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक आजी राहतात. त्यांचे यजमान मागच्या हिवाळ्यात गेले. ऐन उमेदीत ते लग्नाकार्यात, हॉटेलांत गिटार वाजवायचे. पंधरा दिवसांपूर्वी आजी एक लांबलचक पेटी घेऊन दारात. म्हणाल्या, "तू भारतातला. हे वाद्य भारतीय आहे असं हे म्हणायचे. बघ बरं, काय आहे ते." पेटी उघडली तर आत लाल-काळ्या रंगाची, उन्हाने जमीन तडकावी तशी मुद्दाम तडकवलेल्या रंगाची गिटार. मान गिटारची, पडदे गिटारचे, तारा सहा. पण अंगावर वरच्या बाजूला स्वरमंडळासारख्या आखूड तेरा तारा वेगळ्या ताणलेल्या. तीन पिकअप, म्हणजे तारेचा कंप विजेत पकडणारी चकचकीत नळकांडी. हे सगळं मी बघून घेतलं आणि मग नजर घोडीवर गेली. रुंद, सपाट, लाकडाची. गिटारला अशी घोडी कधीच नसते. गिटारची तार एका धारेवर टेकते आणि संपते. ही तार पाटावर निजलेली, सतारीसारखी घासून झंकारणारी. मी आजींना म्हटलं, "याला जवारी आहे." त्यांना काय कळणार! पण माझा आवाज ऐकून त्या खुर्चीवर बसल्या.

हे वाद्य म्हणजे कोरल इलेक्ट्रिक सतार. १९६७ ची. आणि झाली कुठे? माझ्या घरापासून गाडीने पाऊण तासावर, नेपच्यून नावाच्या गावात, समुद्राकाठी. मी इथे एवढी वर्षं काढली, ॲस्बरी पार्कच्या किनाऱ्यावर पोरांना घेऊन कितीदा गेलो, आणि शेजारच्याच गावात कुणी सतारीची जवारी करायला बसलं होतं याचा मला पत्ता नव्हता. कारखाना डॅनइलेक्ट्रोचा. नॅथन डॅनियल हा मूळचा ॲम्प्लिफायर करणारा माणूस. १९४७ ला त्याने कंपनी काढली, १९५४ पासून गिटारी करायला लागला. सिअर्सच्या कॅटलॉगमधून शाळकरी पोरांना परवडतील अशा. त्यांची रीत अशी की हलक्या लाकडाची चौकट करायची आणि वरून खालून हार्डबोर्ड चिकटवायचा. पिकअप म्हणजे चुंबकाच्या पट्टीला तार गुंडाळून ती लिपस्टिकच्या नळीत बसवायची. खरोखरच्या लिपस्टिकच्या, कारखान्यातून उरलेल्या. लोक हसले असतील. पण त्या नळ्यांचा आवाज इतका स्वच्छ आणि खणखणीत आहे की आज मुद्दाम तसे पिकअप करतात. चाचा डालडाच्या डब्यात लाख वितळवायचे ते आठवलं. हातात आहे त्यातून काम उभं करणाऱ्या माणसाबद्दल मला फार वाटतं.

सतारीची कल्पना व्हिन्सेंट बेल याची, न्यूयॉर्कच्या स्टुडिओंमधला गिटारवाला. १९६५ ला बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने सतार हातात घेतली आणि मग ज्याला त्याला रेकॉर्डमध्ये सतार हवी झाली. आता सतार म्हणजे बसायचं कसं इथपासून शिकायचं, आणि इकडे स्टुडिओचं भाडं तासावर. बेलने विचार केला की हात गिटारचाच राहू दे, घोडी तेवढी बदलू. बघ, त्याने नेमकं मर्म धरलं! भोपळा नाही घेतला, दांडी नाही घेतली, जवारी घेतली. डॅनइलेक्ट्रो कंपनी १९६६ मध्येच एमसीए या मनोरंजन कंपनीने विकत घेतली होती, १९६९ ला कारखाना बंद पडला. म्हणजे ही सतार जेमतेम दोन वर्षं निघाली.

आता तुझ्या एका जिंकलेल्या भांडणाबद्दल. लंबूच्या मामाच्या कॅसेटमधलं, स्टीली डॅन या अमेरिकन बँडचं 'डू इट अगेन' आठवतं? मधला तो लांब तुकडा सतारीचा आहे असं मी म्हणालो होतो. तू म्हणालास, "यात मींड कुठाय? दोन सुरांपुढे तार ओढलीच जात नाही. ही सतार नव्हे." त्यावरून आपण तीन आठवडे बोललो नाही, आणि शेवटी लंबूने स्टेशनवर वडे खाऊ घालून समेट केला. तर ऐक. १९७२ च्या त्या गाण्यात डेनी डायस इलेक्ट्रिक सतार वाजवतो. तुझा कान बरोबर होता. वड्यांचे पैसे मी देणं लागतो.

पण त्याच वर्षी गॅदरिंगला तू जे म्हणालास ते मात्र मागे घे. मांडववाल्याचा ॲम्प्लिफायर मध्येच आकाशवाणी सांगली धरायला लागला आणि माझ्या गाण्यात हळदीचे भाव ऐकू आले. तू खालून ओरडलास, "राजापुरी काय क्विंटल?" सगळा हॉल हसला, मीही हसलो. नंतर सायकलवर येताना तू म्हणालास, "विजेच्या तारेला जवारी नसते रे." ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

असते. आज ऐकली मी.

खोडी मात्र पुष्कळ. तरफ म्हणावी, म्हणजे मुख्य तारेबरोबर आपोआप गुंजाव्या, अशा तेरा तारा आहेत, लावायला अर्धा तास जातो, आणि मुख्य तार छेडली तर त्या आपल्या झोपलेल्या. तबली नाही, हार्डबोर्ड आहे, कंप पोचणार कसा? त्यांची घोडी वेगळी, पिकअप वेगळा, आवाजाची कळ वेगळी. नखाने स्वतः फिरवल्या तरच बोलतात. मग मी त्यांना तरफ म्हणणं सोडलं. स्वरमंडळ समजून वाजवल्या की फार गोड लागतात. सूर बाराव्या पडद्यावर थोडा चढा बोलतो, कारण सपाट घोडीवर तार नेमकी कुठे संपते हे तारेलाच ठाऊक नसतं. सहाही तारांना मिळून एकच पाट, स्क्रूने तो वर-खाली आणि तिरका होतो. पहिली तार उघडायला पाट कलवला की पाचवी फाटते. चाचा प्रत्येक तारेखाली वेगळा ढाळ द्यायचे, केसाइतका. इथे सगळ्यांना एकच न्याय.

आणि तरीही! नाद लांबत नाही. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा चर्र होतो आणि विझतो. सतारीचा नाद खोलीत राहतो, हिचा हातातून निसटतो. त्यामुळे हिच्यावर आलाप करायला जाऊ नये. छोट्या छोट्या जागा, पटकन घेऊन पटकन सोडलेल्या, हिला शोभतात. पहिले चार दिवस मी हिच्यात सतार शोधत होतो आणि चिडत होतो. पाचव्या दिवशी शोधणं सोडलं. तेव्हापासून रोज रात्री हेडफोन लावून बसतो.

आता अडचण. इतक्या वर्षांत तारांनी घोडीवर सहा चऱ्या पाडल्या आहेत. पीळ दिलेल्या जाड तारांच्या तर चांगल्या खोल. तार चरीत बसली की जवारी बंद. आजींचं म्हणणं एवढंच, की हे वाजवायचे तसा आवाज एकदा ऐकायचा, मग नातवाला द्यायची. इथला एक दुरुस्तीवाला म्हणाला, घोडीला हात लावू नकोस, मूळ वस्तू आहे, किंमत पडेल. दुसरा म्हणाला, घास खुशाल, पाच मिनिटांचं काम. मी कानस घेऊन दोन रात्री बसलो. त्या चऱ्या म्हणजे त्या माणसाचा हात आहे, घासल्या की गेल्या. नाही घासल्या तर आवाज नाही. तुमच्याकडे कुणी असा विचार करत नाही हे मला माहीत आहे. तारेने घर केलं की जवारी काढायची, पुन्हा सहा महिन्यांनी काढायची, शिंग पातळ झालं की नवं बसवायचं. पण दोस्ता, वस्तू माझी नाही, आणि कानस हातात घेतली की मला पुण्याची ती सतार दिसते.

हो, तीच. दहावीच्या सुट्टीतली. चाचा नमाजाला गेले होते, तू चहा आणायला. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. चाचा करतात तसंच करायचं म्हणून मी कानस तीनदा फिरवली. तीनदाच. बाजाची तार पार मेली. तू आलास, बघितलंस, आणि चाचा दारात आल्यावर म्हणालास, "मी केलं." महिनाभर तुला त्यांनी कानशीला हात लावू दिला नाही, दुकान झाडायला लावलं. स्वतः दोन रात्री जागून नवी जवारी बसवली. मी रोज येत होतो, त्यांच्या हातचा चहा पीत होतो. सांगितलं नाही. पुढे नोकरी लागली तेव्हा सांगेन म्हटलं, अमेरिकेला निघालो तेव्हा पाया पडलो आणि तेव्हाही सांगितलं नाही. ते गेल्याचा निरोप आला आणि मला कळलं की आता सांगायला कुणी उरलं नाही. तुला फोन केला असता तर पहिलं वाक्य तेच निघालं असतं, आणि त्या दिवशी तुझ्यावर ते टाकणं मला जमलं नाही. म्हणून मेसेज. चूक झाली. माफ कर.

तर आज कानस ठेवून दिली आणि दोरा घेतला. दोन तारा उघडल्या, तिसरी आणि दुसरी. दोरा तारेला चरीतून उचलतो तेवढा. बाकी चार ऐकत नाहीत.

मला सुचलंय ते असं. जुनी घोडी अलगद काढून पाकिटात घालून आजींना द्यायची, चऱ्यांसकट. आणि नवी तू करायची. सोबत कागदावर पाटाचा ठसा काढून पाठवतोय, मापं मिलिमीटरमध्ये, तारांमधली अंतरंही. मूळ लाकूड शिसवी आहे, शिसवीच घे किंवा तुला योग्य वाटेल ते. सांबरशिंग नको, ते इथे आणता यायचं नाही. ढाळ सहाही तारांना वेगवेगळा दे. बेलच्या घोडीत तेवढंच राहून गेलं होतं. गोल जवारी ठेव, फार खुली नको, खुली ठेवली तर पिकअपमधून करकरते. पैशाचं तुझं काय ते सांग, आजी देणार आहेत, मी मध्ये पडणार नाही.

तुझं कसं चाललंय? गुडघा? मोठीचं बी. फार्म. झालं का? चाचींना माझा सलाम सांग. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्याची बातमी वाचली तेव्हाही लिहायचं मनात होतं. त्याने हातात काही पडतं का, की नुसताच कागद? भोपळे अजून पंढरपूर-मंगळवेढ्याकडूनच येतात ना? इकडे सगळे बरे. माझी शुगर आटोक्यात आहे. उरुसाला यंदा यायचा विचार आहे, दर्ग्यातली मैफल ऐकून किती वर्षं झाली. आल्यावर कबरीवर जाऊ, तू बरोबर हवास.

शनिवारी तुझ्या रात्री साडेआठला फोन करतो, दुकान बंद केल्यावर. फोन घोडीजवळ ठेवून एक एक तार वाजवीन. सहाही होईपर्यंत काही बोलू नकोस.

तुझाच

ता. क. तू विचारशीलच म्हणून सांगतो : दोरा सुतीच आहे, नायलॉनचा नाही. आईच्या शिवणाच्या डब्यातला.