बाबा, यंदा जाहिरात नको

डोंबिवली, जानेवारी २०२६

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हा विषय निघाला की बाबा "बरं बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात जातो, म्हणून या वेळी सगळं लिहूनच पाठवतेय. आई, चष्मा लाव आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखव, मधलं काही गाळायचं नाही, बाबांवर टीका असली तरी.

दादा सांगत होता की वाडीतल्या त्या पोराचं इन्स्टा बघून बाबांच्या मनात आलंय आपणही जाहिरात करावी, ड्रोनने आपल्या हापूसच्या बागेचं शूटिंग करावं, हजार पेट्या थेट विकाव्यात. पोरगा हुशार आहे त्यात वाद नाही, रील मीही बघितलं, कलमांवरून समुद्राकडे जाणारा तो शॉट तर भारीच आहे. पण बाबा, आपला हिशोब तुम्हीच मला शिकवलाय ना, मग तोच मांडते. आपली कलमं तेवढीच, त्यातली एक वर्षाआड धरणारी किती ते तुम्हाला माहितीये, आणि बारका, डागी, वाशीच्या घाऊक मार्केटला जाणारा आणि शेवटी कॅनिंगला घालायचा माल वजा केला की थेट घरी पाठवण्यासारखं जे चांगलं फळ उरतं ते सगळं आत्ताच आपल्या जुन्या गिऱ्हाइकांत संपतं. गेल्या वर्षी तर ऐन हंगामात मला लोकांना नाही म्हणावं लागलं. मग पैसे खर्च करून आणखी माणसं दारात आणायची आणि त्यांच्या हातात ठेवायचं काय?

याचं उत्तर बाजारात सगळ्यांना माहितीये, बाहेरचा माल घ्यायचा आणि आपल्या बॉक्समधे भरायचा. दिसायला सारखाच असतो, कर्नाटकातून येणारा आंबा पुण्यामुंबईच्या माणसाला नुसता बघून ओळखता येत नाही. पण कापल्यावर येतो ओळखता, आणि ज्याने चार वर्षं आपल्या बागेतला खाल्लाय त्याला तर पहिल्या फोडीत. २०१८ ला हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, त्याने कागदावर नाव सुरक्षित झालं पण रस्त्यावरच्या पाटीवर कुणीही देवगड लिहितोच. म्हणून तर आपल्या देवगड तालुक्याच्या आंबा संस्थेला २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर कोडचा स्टिकर आणावा लागला, अर्धा नंबर वर दिसणारा आणि अर्धा स्टिकरच्या मागे. लोकांचा विश्वास उडालाय म्हणून हे सगळं करावं लागतंय, आणि आपल्यावर ज्यांचा आहे त्यांनाच आपण बाहेरचा माल खिलवायचा का? मला नाही जमणार. दादालाही नाही जमणार, तो फक्त तुमच्यासमोर बोलत नाही.

त्यात यंदा अक्षय तृतीया १९ एप्रिललाच आहे. २०२४ ला ती १० मेला होती, तेव्हा आपल्याकडे ढीगभर माल होता म्हणून निभावलं. यंदा मोहोर उशिरा आलाय असं आईच म्हणाली, म्हणजे तृतीयेला हातात येणार पहिल्या मोहोराचं थोडंसं फळ आणि मागणी सगळ्या गावाची. अशा वेळी जाहिरात म्हणजे लोकांच्या शिव्या पैसे देऊन विकत घेणं. मी ठरवलंय की गुढीपाडव्याच्या आत जुन्या सगळ्यांना मेसेज टाकायचा, की तृतीयेला एका घराला एकच डझन मिळेल, पूजेला आणि पहिल्या आमरसाला पुरेल एवढा, बाकीची ऑर्डर मे महिन्यात. कुणी नाराज होईल, होऊ दे. शब्द देऊन आदल्या दिवशी फोन न उचलणारे विक्रेते त्यांनी बघितलेत, त्यापेक्षा हे बरं.

आता भांडणाचा मुद्दा. साका.

बाबा, साक्याचे आंबे मी बदलून देते यावर तुमचा आक्षेप आहे की लोक खोटं बोलतील, एक खराब निघाला तर चार सांगतील. सांगतात की, एखादा सांगतो. पण बाकीचे काय करतात ते बघा. साका बाहेरून दिसत नाही, तुम्हालासुद्धा दिसत नाही, वरून सोन्यासारखं फळ आणि आत कापलं की पांढरट स्पंजासारखं. ज्याने पाहुण्यांसमोर तो आंबा कापला त्याचा चेहरा डोळ्यासमोर आणा. तो आपल्याला फोन करून भांडत नाही बरं का, भांडला तर बरंच, तो गप्प बसतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याकडून घेतो, आपल्याला कळतही नाही का गेला ते. म्हणून मीच विचारते. पेटी पोचल्यावर साधारण आठवड्याने, म्हणजे आंबे पिकून कापले गेले असतील तेव्हा, एक मेसेज, "आंबे कसे निघाले? एखादा खराब निघाला असेल तर फोटो टाका." बस. फोटो आला की पुढच्या खेपेत तेवढी फळं जास्त, वाद नाही, चौकशी नाही. यात जेवढे आंबे जातात तेवढ्या पैशात इन्स्टाची जाहिरात चार दिवस पण चालणार नाही, आणि ज्यांना बदलून मिळाला ते आपल्या सोसायटीत दहा जणांना सांगतात. ज्यांच्या पेटीत सगळे चांगले निघाले ते एवढं सांगत नाहीत, ही गंमत आहे.

आणि फोटोंचा दुसरा उपयोग म्हणजे कुठल्या तारखेच्या तोडणीत साका जास्त ते आपल्याला कळतं. मागे दादाने ताडून बघितलं तर जे फळ झाडावर जास्त दिवस राहिलं आणि भर दुपारी काढून कातळावर पडलं त्यात जास्त होता. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे लोक हेच सांगत आलेत की चौदा आणे, म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या जरा आधी, काढा, सकाळी काढा, लगेच सावलीत न्या. म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार वाशीच्या पट्टीपेक्षा, त्या विक्रीच्या हिशोबाच्या कागदापेक्षा, जास्त कामाची निघाली ना? पट्टीवर काय असतं, भाव, कापलेला खर्च आणि खाली उरलेला आकडा. आंबा कुणी खाल्ला, कसा लागला, यातलं काही त्यावर येत नाही.

आता माझ्या वहीबद्दल. तुम्ही हसता तिला. २०२० ला लॉकडाऊनमधे वाशी मार्केट अधूनमधून बंद पडायला लागलं आणि तुम्ही "आता हे फळ समुद्रात टाकू का" म्हणालात, तेव्हा मी आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर विचारून जी पहिली नावं लिहिली ती त्यात आहेत, आणि त्यातली बहुतेक अजून घेतात. व्हॉट्सअॅप बिझनेसवर लेबलं लावलीत, कॅटलॉग आहे, सगळं आहे, पण खरी माहिती वहीत. ठाण्याच्या एक आजी, दोघंच घरात, त्यांना कधीही पूर्ण डझन एकदम पिकलेला पाठवायचा नाही, अर्धे तयार, अर्धे कच्चे, म्हणजे पंधरा दिवस पुरतात. एका काकांना शुगर, स्वतः फोडभर खातात पण पाच पेट्या वाटतात, त्यांच्या प्रत्येक पेटीवर ज्याला द्यायची त्याचं नाव आधीच लिहून पाठवायचं, एवढ्यासाठी ते दुसरीकडे जात नाहीत. एका घरात लहान फळच लागतं, डब्यात द्यायला. मोठं फळ महाग म्हणून त्यांच्या गळ्यात मारलं असतं तर एकदा घेतलं असतं. नवीन माणूस आला की मी पहिलं विचारते "कुणाकडून आलात?" आणि त्याच्या नावापुढे ते लिहिते, मग ज्याच्याकडून आला त्याच्या पेटीत दोन फळं जास्त जातात, न सांगता. आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या ताई वीस-पंचवीस घरांची ऑर्डर एकत्र घेतात, त्यांना कमिशन विचारलं तर रागावल्या, मग डझनभर आंबे देते ते मात्र आनंदाने घेतात. कमिशन म्हटलं की त्यांना आपण विक्रेत्या झाल्यासारखं वाटत असावं.

व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्टचं पण सांगते कारण दादा म्हणतो सगळ्यांना रोज मेसेज टाक. एका लिस्टमधे २५६ माणसं मावतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो, म्हणजे रोज "ऑफर ऑफर" करून लोकांनी नंबर उडवला की संपलं. मी वर्षात मोजकेच टाकते. डिसेंबर-जानेवारीत मोहोराचा फोटो, मार्चमधे कैरी सुपारीएवढी झाली की एक, मग भाव, मग हंगाम संपल्याचा. तो वांदराचा व्हिडिओ, बाबा गोफण घेऊन मागे आणि वांदर आरामात कैरी खातोय, त्याला जेवढे रिप्लाय आले तेवढे भावाच्या मेसेजला कधी येत नाहीत. त्यात विकण्याचं काहीच नव्हतं. तुडतुडे पडले, फवारणी वाढली, अवकाळी झाला, हेही मी कळवते, म्हणून भाव वाढला की लोक हुज्जत घालत नाहीत, त्यांना कारण आधीच माहीत असतं.

भावावरून आठवलं. "घाई नसेल तर १० मे नंतर घ्या, स्वस्त पडेल" असं मी लोकांना सांगते हे ऐकून तुम्ही कपाळावर हात मारला होता. पण मेमधे वाशीचा भाव उतरतो हे काय लपून राहतं का? एप्रिलमधे आपल्याकडून घेऊन तीन आठवड्यांनी त्याच माणसाने स्टेशनबाहेर निम्म्या भावात हापूस बघितला की त्याला वाटणार आपल्याला फसवलं. आधीच सांगितलं की ज्याला पहिला आंबा हवा तो जास्त पैसे देऊन खुशीने घेतो, आणि ज्याला थांबायला चालतं तो मेमधे दुप्पट घेतो, नेमकं जेव्हा आपल्याला माल खपवायचा असतो तेव्हा. यात आपलं नुकसान कुठे झालं ते मला दाखवा.

२०२५ चा मे आठवतोय ना, मान्सून २६ तारखेला मुंबईत, एरवी जूनच्या ११ ला येणारा, आणि आपल्याकडे त्याच्याही आधीपासून झोडपत होता. ज्यांचे पैसे आले होते आणि आंबा गेला नव्हता त्या सगळ्यांना मी त्याच आठवड्यात यूपीआयने पैसे परत केले, कुणी मागायच्या आत. तुम्हाला वाटलं पुढच्या वर्षी आंबे देऊ म्हणून ठेवून घ्यायला हवे होते, कारण तेव्हा हातात पैसा नव्हता, ते मला कळतंय, फवारणीची उधारी डोक्यावर होती. पण आत्ता जानेवारीत, मी एक शब्द न टाकता, यंदा किती पेट्या ठेवणार असं विचारणारे जे मेसेज यायला लागलेत ते बरेचसे त्याच लोकांचे आहेत.

आणि बाबा, तुम्ही मला हे सगळं पटत नाही म्हणता, पण स्वतः वाशीला तो एकच गाळा, एकच आडत्या धरून बसलाय. दुसरे जास्त आगाऊ उचल द्यायला तयार होते, दारात येऊन बसले होते, तरी तुम्ही गेला नाहीत, कारण तौक्ते वादळात, २०२१ ला, अर्धी बाग खाली पडली तेव्हा त्या माणसाने पडीचा मालसुद्धा घेतला आणि पट्टी वेळेवर पाठवली. तुम्हाला कुणी जाहिरात करून नव्हतं ना बांधून ठेवलं?

तर यंदाचं असं करूया. जाहिरातीला जे पैसे द्यायचे म्हणत होतात त्यातून मजबूत बॉक्स घेऊ, मागच्या वेळचे पातळ होते, टेम्पोत खालची रांग दबली. दोन डझनाच्या पेट्या कमी आणि एक डझनाचे बॉक्स जास्त सांगा, आता घरं लहान, माणसं कमी. पेंढा कोरडा, जुना नको. आत चिठ्ठी घालायची, मजकूर मी पाठवते, पिकेपर्यंत फ्रिजमधे ठेवू नका, एकावर एक रचू नका, वास सुटला आणि साल जरा सुरकुतली की कापा, आणि आपल्या आढीत पेंढ्याशिवाय काही घालत नाही, कार्बाइड नाही. कार्बाइडला कायद्याने बंदीच आहे पण लोक तरी विचारतात, म्हणून लिहायचं. खाली फोन नंबर माझा, तुमचा नको, तुम्ही लोकांशी तासतास बोलत बसता आणि भाव कमी करून टाकता.

आई, तुझ्यासाठी वेगळं. रात्री दोनपर्यंत जमिनीवर बसून पेट्या भरायच्या नाहीत. एप्रिलमधे मी आठवडाभर रजा टाकून येतेय आणि वाडीतल्या दोघी बायका रोजावर घ्यायच्या, त्यांचे पैसे मी मालाच्या भावात आधीच धरलेत. गुडघ्याचा एक्सरे अजून काढला नसशील तर या आठवड्यात दादाला घेऊन जा. नेमकीच गिऱ्हाइकं ठेवायची यामागे तुझे गुडघे पण आहेत, बाबांना सांगू नकोस, वाचतानाच ऐकलं असेल त्यांनी.

बॉक्सवाल्याला ॲडव्हान्स मी इथून पाठवते, तुम्ही फक्त त्याला मापं सांगा, आणि या आठवड्यात मोहोराचे फोटो काढा, मोबाइल आडवा धरून, बोट मधे येऊ न देता.

तुमची,
सई