सान मार्कोच्या मठातील भिंती

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

फ्लॉरेन्समधील मोठी संग्रहालये पाहून उरलेल्या वेळात आणखी काय पाहावे, असे तू विचारले आहेस. माझे सांगणे एवढेच की उरलेला वेळ नव्हे, तर तिथली पहिली सकाळ तू सान मार्को या डोमिनिकन मठाला द्यावीस, आणि जाण्यापूर्वी डोमिनिकन या ख्रिस्ती साधूंच्या संघाविषयी थोडे जाणून घ्यावेस. तिथली चित्रे नुसती सुंदर म्हणून पाहता येतात, परंतु ती ज्यांच्यासाठी काढली गेली त्या माणसांचा दिनक्रम ठाऊक नसेल तर त्यांतले निम्मे आपल्या हाती लागत नाही.

या संघाचा संस्थापक डोमिनिक हा स्पेनमधील कास्तिलचा. पालेन्सियाला शिकत असताना दुष्काळ पडला, तेव्हा माणसे उपाशी मरत असताना आपण कातड्यावर लिहिलेले ग्रंथ वाचत बसणे योग्य नाही, असे म्हणून त्याने स्वतःची पुस्तके विकून टाकली, असे त्याच्याविषयी सांगतात. पुढे १२०६ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये त्याने पाहिले की चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना परत वळवण्यासाठी पोपने पाठवलेले प्रतिनिधी घोडे, नोकरचाकर आणि सरंजाम घेऊन फिरत आहेत, आणि कॅथरांचे उपदेशक मात्र अनवाणी, कठोर व्रतस्थपणे जगत आहेत. अशा लवाजम्याचे कोण ऐकणार? पायी चालावे, भिक्षा मागावी आणि शास्त्राचा पक्का अभ्यास करून बोलावे, हा मार्ग डोमिनिकने त्यातून काढला. पोप तिसरे होनोरियस यांनी डिसेंबर १२१६ मध्ये संघाला मान्यता दिली आणि १२२० मध्ये बोलोन्याच्या सभेत संघाने मालमत्ता व ठरावीक उत्पन्न न ठेवण्याचे व्रत स्वीकारले. त्याआधीचे संन्यासी बहुधा शेतजमिनी असलेल्या मठांत एका जागी राहत. हे भिक्षाव्रती मात्र गजबजलेल्या शहरांत राहिले आणि पाठवतील तिथे गेले. आपल्या भागाशीही त्यांचा जुना संबंध आहे: १३२१ मध्ये ठाण्यात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या भिक्षाव्रती संघाचे चार साधू मारले गेले, तेव्हा त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरणारा जॉर्डानुस हा डोमिनिकनच होता.

ज्याने पुस्तके विकली त्याचाच संघ पुढे पुस्तकांचा संघ झाला, ही गोष्ट मला फार विचार करायला लावते. अभ्यासाला अडथळा येत असेल तर वरिष्ठाने मठाच्या नियमांतूनही सूट द्यावी, अशी तरतूद त्यांनी आरंभापासूनच केली होती, आणि थॉमस अक्वायनस हा थोर धर्मतत्त्वज्ञ याच परंपरेतून घडला. परंतु या विद्वत्तेची दुसरी बाजूही झाकून ठेवता येत नाही. १२३० च्या दशकापासून पोप नववे ग्रेगरी यांनी पाखंडमताच्या चौकशीचे काम मोठ्या प्रमाणात याच संघाकडे सोपवले, आणि त्या न्यायसभांनी माणसांना जिवंत जाळण्यासाठी राजसत्तेच्या हवाली केले. सान मार्कोत तू या दोन्ही गोष्टी एकाच भिंतीवर पाहशील.

१४३६ मध्ये पोप चौथे युजीन यांनी हा मोडकळीला आलेला मठ फिएसोलेच्या डोमिनिकनांना दिला. हे लोक संघात सैल पडलेली व्रते पुन्हा काटेकोरपणे पाळणाऱ्या सुधारकांपैकी होते. मात्र मठाच्या पुनर्बांधणीचा खर्च कोसिमो दे मेदिची या सावकाराने केला आणि वास्तुकार मिकेलोत्सोने नवी इमारत उभी केली. व्याजाने मिळवलेल्या पैशाचे पाप कोसिमोच्या मनाला टोचत होते, असे त्याच्या काळच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. भिक्षेवर जगण्याचे व्रत घेतलेल्यांनी शहरातल्या सर्वांत श्रीमंत माणसाकडून मठ बांधून घ्यावा, यातला पेच त्यांना कळत नसेल असे मला वाटत नाही. पण त्या पैशातून वर जे ग्रंथालय झाले, त्यात निकोलो निकोली या विद्वानाचा मोठा ग्रंथसंग्रह आला आणि तो शहरातल्या अभ्यासकांना खुला झाला. दोन ओळींत उभे असलेले बारीक स्तंभ आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून येणारा प्रकाश यांमुळे ते दालन आजही वाचायला बसावेसे वाटेल असे आहे.

भिंती रंगवणारा फ्रा जोव्हान्नी, म्हणजे ज्याला आपण फ्रा आंजेलिको म्हणतो, हा स्वतः याच संघाचा साधू होता. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर, तो वाळण्याच्या आत रंग भरायचे हे काम एकट्याचे नव्हते. त्याचे सहायक होते आणि तरुण बेनोत्सो गोत्सोली त्यांत होता. वरच्या मजल्यावर चाळीसहून अधिक छोट्या खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत एक खिडकी आणि एक चित्र. खोलीत क्रूसावरील ख्रिस्ताची व मरियेची प्रतिमा ठेवण्याची प्रथा या संघात तेराव्या शतकापासून होती. इथे तिला भिंतीत कायमचे स्थान मिळाले.

जिना चढताच समोर देवदूताच्या संदेशाचे, म्हणजे मरियेच्या पोटी ख्रिस्त जन्मेल हे गब्रिएल तिला सांगतो त्या प्रसंगाचे, प्रसिद्ध चित्र दिसते. त्यात बाग आहे, कुंपण आहे, गब्रिएलचे रंगीत पंख आहेत, आणि येथून जाताना मरियेला नमन करायला विसरू नकोस, अशी लॅटिन ताकीदही खाली लिहिलेली आहे. तो प्रसंग तिसऱ्या क्रमांकाच्या खोलीत पुन्हा येतो, पण तिथे बाग नाही, फुले नाहीत. नुसती रिकामी कमान, गुडघे टेकलेली मरिया आणि उभा देवदूत. डावीकडे, कमानीच्या बाहेर, डोक्यातून रक्त येत असलेला एक साधू हात जोडून उभा आहे. तो वेरोनाचा पीटर, पाखंडमताच्या चौकशीचा न्यायाधीश म्हणून काम करत असताना १२५२ मध्ये मारला गेलेला. इतक्या निर्मळ चित्रात त्याचे उभे असणे मला दर वेळी अस्वस्थ करते, आणि तरीही चित्रकाराने त्याला वगळावे असे मला वाटत नाही, कारण संघाला आपला इतिहास तसाच दिसत होता.

सातव्या खोलीत मात्र सर्वांत जास्त वेळ थांब. डोळे बांधलेला ख्रिस्त पांढऱ्या वस्त्रात बसला आहे. त्याला मारणाऱ्यांचे फक्त हात दिसतात आणि थुंकणाऱ्याचे फक्त डोके, बाकी शरीर नाही. खाली मरिया आणि डोमिनिक बसले आहेत, पण दोघांपैकी कोणीही वर पाहत नाही. डोमिनिक मांडीवरचे पुस्तक वाचतो आहे. माझ्या मते या संघाचे सगळे म्हणणे त्या पुस्तकात आले आहे: छळाचे वर्णन वाचता वाचता त्याला जे दिसले तेच वर भिंतीवर आहे, म्हणून तिथे धडांची गरज उरली नाही, आठवणीत राहतील तेवढेच अवयव पुरले. नवदीक्षितांच्या खोल्यांमध्ये क्रूसासमोर डोमिनिक पुन्हा पुन्हा येतो, कधी गुडघे टेकून, कधी हात पसरून, कधी स्वतःला फटके मारत. त्याच्या प्रार्थनेच्या नऊ पद्धती सांगणारी एक जुनी पोथी संघात होती. त्या मुद्रा या भिंतींवरून तरुण साधूंच्या अंगवळणी पडाव्यात हा हेतू स्पष्ट आहे. कोसिमोची स्वतःची दुहेरी खोली मात्र वेगळी आहे, तिथे राजांनी बाळ येशूला केलेले वंदन आहे आणि रंगांचा खर्चही अधिक आहे.

खाली सभागृहातील भव्य क्रूसारोहणाचे आकाश तुला तांबूस-करडे दिसेल. मूळ निळा रंग गळून गेला आणि खालचा थर उघडा पडला. चित्रकाराला ते आकाश निळेच हवे होते, हे पाहताना ध्यानात ठेव.

१४९१ मध्ये सावोनारोला हा जहाल उपदेशक साधू इथला प्रमुख झाला, १४९७ मध्ये त्याने ऐषआरामाच्या वस्तूंची भर चौकात होळी केली आणि पुढच्याच वर्षी २३ मे रोजी त्याला फाशी देऊन त्याचे शव जाळण्यात आले. त्याच्या उपदेशाने भारावलेला एक चित्रकार १५०० मध्ये या संघात आला आणि त्याने काही वर्षे कुंचला खाली ठेवला. तो फ्रा बार्तोलोमेओ. १५०४ च्या सुमारास वरिष्ठांच्या सांगण्यावरून त्याने पुन्हा रंगकाम सुरू केले आणि सान मार्कोची चित्रशाळा चालवली. त्याने काढलेले सावोनारोलाचे व्यक्तिचित्र त्याच मठात आहे.

परत आल्यावर सातव्या खोलीविषयी तुला काय वाटले ते सविस्तर लिही. त्या पुस्तकाबद्दलचे माझे म्हणणे तुला पटते की नाही हे मला जाणून घ्यायचे आहे. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीधर