आंबोलीत थांबलेल्या त्या दोघांचे आभार

आंबोलीत आमची कॅम्पर व्हॅन सुरूच होईना, तेव्हा भर पावसात थांबलेले टेम्पोवाले दादा आणि सोबतचे वायरमन काका, तुमचे मनापासून आभार. "नवी बॅटरी टाका" म्हणून निघून जाणं सोपं होतं. काकांनी आधी मीटर लावला. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, आमची ११.४. जंपर (दुसऱ्या बॅटरीतून करंट देणारी वायर) लावून इंजिन सुरू केल्यावर १४.२, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठणठणीत. मग इंजिन बंद करून एकेक फ्यूज काढत करंट कुठे जातोय ते शोधलं. फ्रिजचा फ्यूज निघाला आणि गळती थांबली! फ्रिज, दिवे अशा वस्तूंसाठी असलेल्या मागच्या बॅटरीऐवजी फ्रिज इंजिनच्या बॅटरीवर जोडलेला होता. किती शांतपणे समजावलंत काका! पैसेही घेतले नाहीत. कोल्हापूरकडे आलात तर घरी जेवायला याच.