मुंगी घाट चढणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स. न.

सोलापूरकर सातारा जिल्ह्यातल्या शिखर शिंगणापूरला, शंभू महादेवाच्या डोंगरावर, बहुधा नातेपुत्यावरून गाडीनेच जातात. पण माळशिरस तालुक्यातल्या कोथळ्याकडून मुंगी घाटाने चढायचे, तर तयारी निराळी लागते. चैत्र शुद्ध अष्टमीला शिव-पार्वतीचे लग्न लागते आणि द्वादशीला सासवडच्या भुतोजी तेल्याच्या मानाच्या कावडीसह अनेक कावडी याच कड्याने, मानवी साखळी करून वर नेल्या जातात. ते पाहून हौशी मंडळीही घुसतात आणि तिथेच घोटाळा होतो.

इथे पायऱ्या नाहीत. झिजलेला खडक पायाखाली सुटतो आणि दगड थेट खालच्याच्या अंगावर जातो. म्हणून एकामागे एक सरळ रेषेत चढू नये, तिरपे अंतर ठेवावे. दगड निसटताच ओरडून सांगावे. वाळलेल्या गवतावर चप्पल सटकते, तेव्हा दातेरी तळाचे बूट हवेत. चैत्रात दहानंतर खडक तापतो. उजाडताच निघावे, माणशी तीन लिटर पाणी न्यावे. नुसते पाणी पिऊन पायात गोळे येतात, मीठ-साखर जवळ असावी. कावडीच्या दोरखंडाला तर हात लावूच नये. तो ताल त्या मानकऱ्यांनाच ठाऊक. उतरताना मात्र गाडीरस्ताच बरा, गुडघे उतारावरच दगा देतात.

वर मालोजीराजांनी बांधलेला तलाव आहे, तो न बघता परतू नये. यात्रेआधी घाटातले सुटे दगड संबंधितांनी काढून घ्यावेत.

— एक वाचक, सोलापूर