फॉर्ममध्ये नसलेला रकाना

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

समलैंगिकता हे पाश्चात्त्यांकडून आलेले खूळ असून मोबाइलमुळे ते आपल्या मुलांच्या डोक्यात शिरले आहे, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र गेल्या आठवड्यात आपल्या सदरात वाचले. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मात्र शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या गावातील एका वधू-वर सूचक मंडळाचे काम विनामोबदला पाहत आहे, आणि तेथे बसून जे पाहिले ते या मताशी मुळीच जुळत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

प्रथम खुळाबद्दल. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा विषयांवर वाचक त्यांना पत्रांतून प्रश्न विचारत आणि कर्वे त्यांची उत्तरे छापत. याच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, तरीही शेवटी कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. हा खटला आपण कर्व्यांच्या धैर्याची गोष्ट म्हणून सांगतो, पण ते प्रश्न पाठवणारे कोण होते याचा विचार फारसा करत नाही. मराठी वाचणारी, मराठीत पत्र लिहिणारी, बहुधा लग्ने झालेली किंवा ठरत आलेली माणसेच ती असणार, आणि त्यांच्या हातात मोबाइल नव्हता. परदेशातून आला तो कायदा. इंग्रजांनी १८६० साली दंडसंहितेत घातलेल्या ३७७व्या कलमानुसार अशा संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, आणि इंग्रज गेल्यावरही आपण ते कलम सत्तर वर्षे सांभाळले.

आता मंडळाविषयी. आमच्या नोंदणी फॉर्ममध्ये रास, नक्षत्र, नाडी, गण, मंगळ, देवक, मामाचे आडनाव, शेती किती आणि त्यात बागायत किती, इतके सगळे रकाने आहेत. ‘तुला लग्न करायचे आहे का?’ हा रकाना नाही. फॉर्म आई भरते, वडील फोन नंबर सांगतात आणि ज्याचे लग्न व्हायचे तो शेजारी बसून पेनचे टोपण काढत-घालत असतो. हे पाहून मी काही वर्षांपूर्वी एक पद्धत सुरू केली. आईवडिलांना चहा प्यायला कार्यालयाबाहेर पाठवायचे आणि मुलाशी किंवा मुलीशी दहा मिनिटे एकटीने बोलायचे. बहुतेक जण पगाराचा खरा आकडा सांगतात, कोणी परजातीतल्या मैत्रिणीबद्दल सांगतो. पण काही जण खाली मान घालून वेगळेच काही सांगतात.

त्यांच्यापैकी एक मुलगा २०१३ साली आला होता. इंजिनिअर, एकुलता एक, घरी विधवा आई. तो म्हणाला, “काकू, येईल ते स्थळ तुम्हीच परत पाठवा. पत्रिका जुळत नाही म्हणा. माझ्या तोंडून आईला नाही ऐकवणार.” त्याच वर्षी ११ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अशा संबंधांना गुन्हा न मानणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९चा निकाल फिरवला आणि ३७७वे कलम पुन्हा पूर्ण लागू झाले. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. “काकू, म्हणजे मी आता परत गुन्हेगार का?” मला उत्तर सुचले नाही. त्याच्या आईशी मात्र मी तीन वर्षे खोटे बोलले. कधी एकनाड, कधी कडक मंगळ. पत्रिकेवर माझा स्वतःचा विश्वास नसताना ती कोणाच्या उपयोगी पडली असेल तर या मुलाच्या.

सगळ्यांना असे सांगायचे धाडस होत नाही. ‘लग्न झाले की येईल ताळ्यावर’ हे वाक्य आपल्या घरांत किती सहज बोलले जाते! बोलणाऱ्यांना वाटते की ते मुलाबद्दल बोलत आहेत. त्या वाक्यात एक परकी मुलगीही असते हे त्यांच्या लक्षातच येत नाही. मी स्वतः जुळवलेल्या एका लग्नातील मुलगी चार महिन्यांत माहेरी परतली. नवऱ्याने तिला कधी वाईट वागवले नाही, फक्त तो रात्री उशिरापर्यंत गच्चीवर बसून राही. पुढे त्यानेच रडत तिला खरे सांगितले. लोकांनी मात्र तिच्यातच खोट शोधली, आणि दोन वर्षांनी तिचा फॉर्म पुन्हा आमच्याकडे आला तेव्हा ‘प्रथम वधू’ खोडून ‘घटस्फोटित’ मीच माझ्या हाताने लिहिले. त्या मुलाला दोष देणे सोपे आहे, आणि त्याचा दोष नाही असेही मी म्हणणार नाही. पण त्याने लग्नाआधी घरी सांगितले होते, आणि घरच्यांनी त्याला एका डॉक्टरकडून ‘औषध’ आणून दिले होते, हे मला नंतर कळले.

या औषधाबद्दल स्पष्ट लिहायला हवे, कारण असे उपचार करणारे अजूनही भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आहे, आणि ती ‘बरी’ करण्याचे उपचार हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली जाहीर केले आहे. जो आजारच नाही त्याच्यावर पैसे उकळणाऱ्या माणसाला आपण भोंदू म्हणतो; भिंतीवर पदवी टांगलेली असली म्हणून त्याला वेगळे नाव देण्याचे कारण नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ६ सप्टेंबर २०१८ रोजी एकमताने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळले. त्या वेळी न्या. इंदू मल्होत्रा यांनी लिहिले की, इतिहासाने या समुदायातील लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. कुटुंबीयांची, हे मला विशेष वाटले. त्यांत त्या गच्चीवरच्या मुलाची बायकोही मी धरते. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार देऊन तो प्रश्न संसदेवर सोपवला. त्यावर मतभेद असू शकतात, आणि माझ्या पिढीला तो लगेच पचेल असा माझाही दावा नाही. सहिष्णुता या शब्दात सहन करणे येते, म्हणून तो मला थोडा तोकडा वाटतो. पण सध्या तेवढी असली तरी पुष्कळ आहे. कोणी शेजारच्या दोन बायकांच्या एकत्र राहण्याला टाळ्या वाजवाव्यात असे मी म्हणत नाही. त्यांना घर भाड्याने मिळावे, आणि आपल्या मुलाने किंवा मुलीने ‘नको’ म्हटले तर ते एकदा ऐकून घ्यावे, एवढेच मागणे आहे.

त्या इंजिनिअर मुलाची आई २०१६ साली फॉर्म परत घ्यायला आली. बराच वेळ समोर बसली आणि मग विचारले, “पत्रिका खरंच जुळत नव्हत्या का हो?” मी ‘नाही’ म्हणाले. तिने फॉर्मला टाचलेला त्याचा फोटो हलकेच सोडवून पर्समध्ये ठेवला, फॉर्म तसाच टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली. पुढे त्या घरात काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.

फॉर्मची नवी छपाई आता व्हायची आहे. ‘विवाहास माझी स्वतःची संमती आहे / नाही (उमेदवाराने स्वहस्ते लिहावे)’ असा रकाना त्यात घालावा, असे मी समितीला सुचवले आहे. त्याने स्थळे कमी होतील, असे दोन सदस्यांचे म्हणणे पडले. निर्णय पुढच्या बैठकीत आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक
(उल्लेख केलेल्या कुटुंबांची ओळख पटू नये म्हणून माझे नाव व गाव कृपया छापू नये.)