दुसऱ्या भट्टीची फीत कापणाऱ्या पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरणमंत्री महोदय यांसी,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपण आमच्या शेजारच्या, इमारतींसाठी उष्णता अडवणारा थर म्हणजे इन्सुलेशन बनवणाऱ्या कारखान्याच्या दुसऱ्या भट्टीची फीत कापलीत आणि त्याच मांडवात कारखान्याला ‘पर्यावरणस्नेही उद्योग’ म्हणून ढालही दिलीत. अभिनंदन. फोटो छान आले आहेत. आपल्या मागे चिमणी दिसते आणि तिच्यातून काहीच येत नाही. येणार कुठून? पहिली भट्टी आदल्या रात्रीपासून बंद ठेवली होती.

याच फाटकाबाहेर उभं राहून आपण आम्हा रहिवाशांना शब्द दिला होता. चिमणीतून काय आणि किती बाहेर पडतं याचे आकडे फाटकावरच्या फलकावर दिवसरात्र दिसतील, आणि फलक लागल्याशिवाय विस्ताराला परवानगी मिळणार नाही. फलक लागला, हे कबूल केलं पाहिजे. त्यावर किती वाजले ते कळतं, बाहेरचं तापमान कळतं आणि ‘झाडे लावा, झाडे जगवा’ हा संदेश डावीकडून उजवीकडे सरकत राहतो.

मी इन्सुलेशनच्या विरोधात नाही. नोकरीभर इमारतींचे नकाशे काढले, छतात आणि भिंतीत कुठे किती जाडीचा थर हवा हे कागदावर लिहिलं, आणि तो न घालणाऱ्यांशी भांडलो. जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी तीस टक्के तरी इमारती खातात, त्यातला मोठा वाटा नुसता गरम आणि गार करण्यात जातो. थर चांगला असेल तर हा खर्च खरोखर कमी होतो. पण आपल्या भाषणात हिशेब सुरू झाला तो ग्राहकाच्या घरापासून. किती वीज वाचली, किती कार्बन टळला. त्या थराचा जन्म जिथे होतो तिथला हिशेब आपण फाटकाबाहेर सोडलात, आणि फाटकाबाहेर आम्ही राहतो.

हा कारखाना इन्सुलेशनसाठी बनवतो ती दगडी लोकर कशी होते, हे आपण ‘निसर्गाच्या दगडापासून’ एवढ्यात उरकलंत. उरलेलं मी सांगतो. बेसॉल्ट आणि धातूच्या भट्टीतली मळी कोकबरोबर, म्हणजे दगडी कोळशापासून केलेल्या इंधनाबरोबर, उभ्या भट्टीत टाकतात. सुमारे दीड हजार अंश सेल्सिअसला दगडाचा रस होतो आणि तो वेगानं फिरणाऱ्या चाकांवर पडला की त्याचे तंतू उडतात. कोक जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड निघतो, हायड्रोजन सल्फाइडही. इथवर आपल्या खात्याला माहीत असावं अशी आशा आहे. पण तंतू नुसते एकत्र राहत नाहीत. त्यांच्यावर फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं रेझिन फवारतात आणि ती गादी दोनशे अंशांच्या वर तापलेल्या ओव्हनमधून नेतात. तिथून फिनॉल, फॉर्मल्डिहाइड आणि अमोनिया बाहेर पडतो. जुने बेकेलाइटचे स्विच याच जातीच्या रेझिनचे, त्यामुळे आमच्या वस्तीत रात्रभर कुणाच्या तरी घरात स्विचबोर्ड जळत असल्यासारखा वास असतो.

फॉर्मल्डिहाइडनं माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच ठरवून टाकलं. त्याच संस्थेनं २००१ मध्ये इन्सुलेशनच्या दगडी आणि काचेच्या लोकरीला संशयितांच्या यादीतून मोकळं केलं. कारखान्याचे जनसंपर्क अधिकारी आमच्या तोंडावर २००१ चा कागद नाचवतात. लोकरीबद्दल आमचं म्हणणंच नाही हो! आम्ही रेझिनबद्दल विचारतो, ते लोकरीबद्दल उत्तर देतात.

आता माझ्या घराबद्दल. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली आहे. वाळत घातलेले कपडे परत धुवावे लागतात, म्हणून ते आतच वाळतात आणि भिंतींना ओल येते. पत्नीनं जन्मात विडीकाडीला हात लावलेला नाही, तरी प्रत्येक नवा डॉक्टर तिला आधी ‘सिगारेट किती?’ हेच विचारतो. रात्री तिला आडवं होता येत नाही, खुर्चीत बसून झोपते. मी जागा असतो, कारण तिचा श्वास मोजायची सवय लागली आहे. मुलगा नातवाला घेऊन येत नाही. फोनवर दिसतो नातू. घर विकून जा म्हणतात लोक. आलेलं गिऱ्हाईक अंगणात उभं राहून एकदा नाक वर करतं आणि ‘कळवतो’ म्हणून निघून जातं. आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात इनहेलर आहे. पटत नसेल तर मोजायला माणूस पाठवा, पण रात्री पाठवा. तुमचा निरीक्षक दिवसा येतो, येण्याआधी कळवून येतो, धूळ तेवढी मोजतो आणि ‘मर्यादेत’ असं लिहून चहा घेऊन जातो. भट्टी पेटवताना आणि विझवताना सगळ्यात वाईट धूर निघतो, तेव्हा तो कुठे असतो?

उपाय नाही असंही नाही, राग त्याचाच येतो. फॉर्मल्डिहाइडशिवायचे, वनस्पतींच्या साखरेपासून केलेले, तंतू चिकटवणारे बाइंडर बाजारात येऊन जमाना झाला. कोक न जाळता विजेवर दगड वितळवणाऱ्या भट्ट्या चालू आहेत. ओव्हनचा वायू पुन्हा जाळून मगच सोडता येतो. कापताना उरलेले तुकडे परत भट्टीत घालता येतात, आमच्याकडे ते कुंपणालगत ढीग करून ठेवतात आणि वारा त्यांची वाटणी करतो. हे सगळं दुसऱ्या भट्टीच्या परवानगीत अट म्हणून घालता आलं असतं. अशी संधी भट्टी बांधताना एकदाच येते. तुम्ही ती ढाल देण्यात घालवलीत.

तुम्ही म्हणाल, कारखान्याकडे सर्व प्रमाणपत्रं आहेत. असणारच. ग्रेनफेल टॉवरवर बसवलेल्या मालाकडेही कागद होते. लंडनच्या त्या इमारतीत जून २०१७ मध्ये आगीत ७२ माणसं गेली आणि २०२४ च्या चौकशी अहवालानं बाहेरचं आवरण आणि इन्सुलेशन बनवणाऱ्या-विकणाऱ्यांच्या पद्धतशीर अप्रामाणिकपणावर बोट ठेवलं. अमेरिकेत लिबी गावच्या खाणीतलं व्हर्मिक्युलाइट नावाचं खनिज लाखो घरांच्या माळ्यावर इन्सुलेशन म्हणून अंथरलं गेलं, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस होता. खाण १९९० मध्ये बंद पडली आणि तिथे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर व्हायला २००९ उजाडलं. खाणीत न उतरलेली माणसंही तिथे मेली. एकोणीस वर्षं! तोवर आम्ही कुणाच्या आकडेवारीत बसायचं?

आणि फोमचं इन्सुलेशन बनवणारे तर विचारूच नका. फोम फुगवायला पूर्वी वापरला जाणारा सीएफसी-११ हा वायू वातावरणातला ओझोन खातो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानं त्याला आवळलं आणि २०१० पर्यंत जगभर त्याचं उत्पादन थांबायचं होतं. तो एक किलो हवेत सोडला की साडेचार-पाच हजार किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. म्हणजे ज्या थरानं कार्बन वाचवायचा, तो फुगवतानाच बचत उडून गेली. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्याचं उत्सर्जन २०१२ नंतर चक्क वाढलं होतं. पुढच्याच वर्षी माग लागला पूर्व चीनपर्यंत, आणि संशय आला तो फोमच्या कारखान्यांवर. माग काढणारी यंत्रं कुठे होती? कोरियाच्या जेजू बेटावर आणि जपानच्या हातेरुमा बेटावर. समुद्रापलीकडून जे पकडलं गेलं ते कारखान्याच्या दारात उभ्या असलेल्या सरकारी माणसाला दिसलं नाही. आमचा निरीक्षक जगाच्या परंपरेला धरूनच वागतो आहे, असं आता म्हणावं लागेल.

खरं तर हा एका भट्टीचा प्रश्न राहिलेला नाही. पर्यावरण अहवाल कोण लिहितं? कारखान्यानं नेमलेला सल्लागार. त्याची फी कोण देतं? कारखाना. तो तपासतं कोण? ज्या खात्याला दरवर्षी किती परवानग्या वेळेत दिल्या यावर शाबासकी मिळते ते खातं. जनसुनावणीची सूचना अशा ठिकाणी लागते की ती वाचायला कारखान्याच्या आत जावं लागतं. माहिती मागितली की ‘व्यापारी गुपित’ म्हणतात. माझ्या फुप्फुसात काय जातंय हे गुपित? तक्रार केली की ती तुमच्याकडून खाली, खालून कारखान्याकडे जाते, आणि कारखान्याचं उत्तर तुमच्या शिक्क्यासह माझ्याकडे येतं. मग तुम्ही नेमकं करता काय, हा प्रश्न विचारला तर मी विकासविरोधी. विकासाच्या छताखाली कुणी झोपायचं आणि त्याच्या चिमणीखाली कुणी, याची चिठ्ठी कधी काढली होती? आम्हाला कुणी बोलावलं नाही.

फलकावर घड्याळाऐवजी चिमणीचे आकडे लावा, रात्रीचे आणि भट्टी पेटवतानाचेसुद्धा, आणि त्यात धुळीबरोबर फिनॉल व फॉर्मल्डिहाइड असू द्या. तोवर दुसरी भट्टी पेटवू नका. ती अजून थंड आहे, कोक मात्र येऊन पडला आहे.

एक साधी विचारणा. या भट्टीच्या परवानगीत ओव्हनच्या चिमणीसाठी फॉर्मल्डिहाइडची मर्यादा लिहिली आहे का? असेल तर आकडा कळवा, नसेल तर ‘नाही’ असं कळवा. कार्ड चालेल. ‘आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविले आहे’ हे उत्तर कृपया नको, ते माझ्याकडे आहे.

कळावे,
कारखान्याच्या कुंपणालगतचा एक रहिवासी